हौलदिली

औरंगाबादला माझ्या आजोळचं घर आणि शेजारच्या खालाचं घर यांच्यामध्ये एकच भिंत होती, मागच्या अंगणातली, मोठ्या माणसाच्या छातीइतकी उंच. त्या भिंतीवरून कढीपत्ता जायचा, लिंबं यायची, ईदेला शिरखुर्म्याचं पातेलं यायचं आणि त्याच पातेल्यात दिवाळीला चकल्या भरून ते परत जायचं. रिकामं पातेलं परत करायचं नाही, हा दोन्ही घरांचा नियम होता. दुपारी कामं आवरली की आजी अलीकडून आणि खाला पलीकडून भिंतीवर कोपरं टेकून उभ्या राहत. मी आजीच्या पदराशी. तिथून मला खालाच्या गळ्यातला दगड बरोबर डोळ्यांसमोर दिसायचा.

दागिना म्हणावा असं त्यात काही नव्हतं. पिंपळाच्या लहान पानाच्या आकाराची एक चपटी चकती, वरच्या बाजूला दोन भोकं, त्यांतून ओवलेला काळा गोफ. रंग म्हणाल तर दुधीभोपळा सोलल्यावर साल आणि गर यांच्यामध्ये जो दिसतो तो. पांढरा म्हणावा तर हिरवट, हिरवा म्हणावा तर साय धरलेला. खालच्या कडेला चहाचा डाग पडल्यासारखी एक तांबूस रेघ होती. ती मी थुंकी लावून पुसायचा प्रयत्न केलेला मला आठवतो. डाग गेला नाही. उन्हाळ्यात मी घामेजून खेळून आले की खाला गोफ लांब करून तो दगड माझ्या गालावर टेकवायची. माठातल्या पाण्याचा गारवा असतो तसा गार. मग हळूहळू तो माझ्याइतका गरम व्हायचा आणि खाला तो पुन्हा आपल्या गळ्याशी सोडायची.

"दिल को हौल होता है मेरे," ती सांगायची. "ये उसका पत्थर है."

आजीकडेही तोच शब्द होता. पाऊस लांबला, मामाचं पत्र आलं नाही, रात्री कुत्रं रडलं, की ती म्हणायची, "जीव हवालदिल झाला गं बाई." हे दोन शब्द एकच आहेत हे दोघींनाही ठाऊक नसावं. हौल म्हणजे भय, दिल म्हणजे काळीज. एकीनं ते दोन तुकडे वेगळे ठेवले होते, दुसरीनं मराठी जिभेवर घोळवून एकजीव केले होते. भिंत एक, दुखणंही एक.

एकदा खाला न्हायला जाताना दगड आमच्याकडे ठेवून गेली आणि माझ्या हातून तो पडला. शहाबादी फरशीवर, चांगला कमरेच्या उंचीवरून. मी डोळे मिटून घेतले. आवाज मात्र फुटल्याचा आला नाही. देवघरातली लहान घंटा चुकून बोट लागून वाजते ना, तसा एक स्वच्छ, लांबत गेलेला नाद आला. दगड फरशीवरून घरंगळत उखळापाशी जाऊन थांबला होता, पूर्ण अखंड. खाला ओल्या केसांनी भिंतीपाशी आली, मी रडत तो तिला दिला, तर तिनं दगडाकडे पाहिलंच नाही. माझ्या छातीवर तळवा ठेवला आणि म्हणाली, "पत्थर को क्या होता? तेरा हौल देख कितना बढ़ गया." मग गोफ माझ्या गळ्यात घातला आणि संध्याकाळपर्यंत तसाच राहू दिला.

पुढे कित्येक वर्षांनी एका पुस्तकात मुघल काळातल्या वस्तूंची छायाचित्रं पाहत होते. एका पानावर फिकट जेडचं एक लटकन होतं आणि खाली शब्द होता: हौलदिली. शाहजहानसाठी घडवलेलं, हिजरी १०४७, म्हणजे इसवी सन १६३७-३८. आज ते लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. काळजाची धडधड शांत करण्यासाठी जेड गळ्यात घालायचा, ही समजूत हकिमांमध्ये आणि दरबारात सारखीच रुजलेली होती. मी त्या पानावर बराच वेळ थांबले. मुमताज १६३१ च्या जूनमध्ये बऱ्हाणपूरला, बाळंतपणात गेली. त्यानंतर सहा वर्षांनी हा बादशहा छातीवर हौलदिली घालत होता. ताजमहालाबद्दल किती लिहिलं गेलं! पण त्या माणसाचं दुःख मला त्या इवल्या दगडात जास्त जवळून दिसलं. इमारत जगाला दाखवायची असते, हौलदिली अंगरख्याच्या आत असते.

तेव्हापासून मी या दगडाच्या मागे लागले. तो येतो कुठून?

खालाच्या घरी सांगत की तिच्या आजोबांनी, जे हकीम होते, तो मुंबईत एका खोतानी हाजीकडून घेतला. हजला जाणारे मध्य आशियातले यात्रेकरू त्या काळी काराकोरम ओलांडून लेहमार्गे खाली उतरत आणि मुंबईला जहाजात बसत. वाटखर्चाला अंगावरचं काहीबाही विकत. आजोबांची गोष्ट एवढीच. पण ती ऐकताना नकाशावर बोट ठेवलं की ते थेट कुनलुन पर्वतावर जातं. तिबेटच्या पठाराची उत्तरेकडची भिंत म्हणजे हा पर्वत. त्याच्या पायथ्याशी तकलामकानचं वाळवंट पसरलेलं, आणि वाळवंटाच्या काठावर खोतान हा हिरवा ठिपका. गावाच्या दोन बाजूंनी दोन नद्या वाहतात, युरुंगकाश आणि काराकाश. काश म्हणजे तिथल्या तुर्की बोलीत जेड. युरुंग पांढरं, कारा काळं. पांढऱ्या जेडची नदी आणि काळ्या जेडची नदी. पुढे वाळवंटात शिरून त्या एक होतात. नद्यांना देवींची नावं देणाऱ्या देशात वाढलेल्या मला हे आधी रुक्ष वाटलं. नंतर वाटलं, ज्या नदीनं हजारो वर्षं पदरात दगड टाकला तिला त्या दगडाच्या नावानं हाक मारणं हीदेखील कृतज्ञताच.

या जेडची मूळ शीर वर आहे, चार-साडेचार हजार मीटरवर, जिथं वर्षातले थोडेच महिने माणूस टिकतो. फार पूर्वी तिथं खोलवरून वितळलेला खडक वर आला आणि संगमरवरासारख्या जुन्या खडकाला भिडला. त्या उष्णतेनं, त्यातल्या द्रवांनी, दोघांच्या सांध्यात तिसरंच काही जन्माला आलं. भिंगाखाली ते बारीक धाग्यांसारखं दिसतं, पण हे धागे मागावर विणल्यासारखे उभे-आडवे नसतात. ते एकमेकांत अडकलेले, गुंतलेले, दाबले गेलेले असतात. धनगराच्या घोंगडीसारखे नव्हेत, तर लोकर दाबून केलेल्या बुरणुसासारखे. घोंगडीचा धागा ओढून उसवता येतो. बुरणूस उसवायला धागाच सापडत नाही. म्हणून हा दगड सहसा फुटत नाही. त्याच्यापेक्षा साधी गारगोटी कठीण असते, गारगोटीच्या वाळूनं तो झिजतो, पण घावाला तो दाद देत नाही. आमच्या फरशीवर त्या दिवशी तो का फुटला नाही, याचं उत्तर मला असं चाळिशीत मिळालं.

आणि झिजतो म्हणूनच तो घडवता येतो. जेड कोणी छिन्नीनं कोरत नसे. ओल्या वाळूचा लेप, फिरतं चाक आणि दिवसच्या दिवस. एका पेल्यापायी माणसाच्या आयुष्यातला केवढा तुकडा जात असेल! शाहजहानचा १६५७ सालचा पांढऱ्या जेडचा मद्याचा पेला लंडनच्या त्याच संग्रहालयात आहे. अर्ध्या भोपळ्याचा आकार, बुडाशी कमळ, आणि निमुळतं होत गेलेलं टोक शेवटी बोकडाच्या मुंडक्यात वळतं. शिंगं, कान, किंचित कललेली मान. छायाचित्रातसुद्धा तो बोकड आता मान वळवून पाहील असं वाटतं. पेल्याची कड इतकी पातळ की तिच्यातून उजेड झिरपतो. ज्या वर्षी हा पेला पुरा झाला त्याच वर्षी बादशहा आजारी पडला आणि मुलांमध्ये तख्तासाठी लढाई पेटली. पुढच्या वर्षी तो आग्र्याच्या किल्ल्यात कैदेत होता.

पण पर्वताकडे परत जायला हवं. हा दगड तिथून दोन वाटांनी खाली येतो. एक वाट नदीची. उन्हाळ्यात बर्फ वितळतं, नद्यांना लोंढा येतो, वरच्या कड्यातून सुटलेले तुकडे गडगडत, घासत, गोल होत खाली येतात. वाटेत जे कच्चं, चिरलेलं, ते फुटून जातं. खोतानपर्यंत पोचतं ते फक्त अस्सल. शरदात पाणी ओसरतं आणि लोक नदीत उतरतात. इसवी सन ९३८ मध्ये गाओ जुहुई नावाचा चिनी माणूस वकिलातीबरोबर खोतानला निघाला होता. त्यानं लिहून ठेवलंय की पाणी उतरल्यावर आधी राजा जेड वेचायचा आणि मग प्रजेला मुभा मिळायची. त्याच्यानंतर शंभरेक वर्षांनी अल्-बिरुनी लिहितो की मोठे दगड राजाचे, लहान दगड लोकांचे. आणि त्याच्याही कितीतरी आधी, सातव्या शतकात, ह्युएन त्सांग तिथं मुक्कामाला होता. आपल्या पाठ्यपुस्तकातला हाच तो ह्युएन त्सांग, ज्यानं पुलकेशीचा महाराष्ट्र पाहिला, इथल्या माणसांच्या मानीपणाबद्दल लिहिलं. भारतातून परतताना तो खोतानला थांबला. तिथल्या मालाची नोंद करताना त्यानं गालिचे आणि बुरणूस यांच्याबरोबरच पांढऱ्या आणि गडद जेडचं नाव घेतलंय. एकाच माणसाच्या डोळ्यांनी दख्खनही पाहिलं आणि ही नदीही. या विचारानं मला उगाच त्या नदीशी नातं जडल्यासारखं वाटतं.

नदीत जेड शोधायचा तो पायांनी. पाणी गढूळ, बर्फाचं, गुडघाभर. माणसं ओळीनं अनवाणी उतरत आणि तळव्यांनी गोटे चाचपत पुढं सरकत. जेडचा गोटा गुळगुळीत लागतो, इतर दगडांपेक्षा वेगळा निसटता आणि वेगळा गार. ते सांगून येत नाही. भाताच्या खाचरात रोप लावणाऱ्या बाईला चिखलाची खोली पायाला कळते, भाकरी थापणारीला पीठ हाताला कळतं, तसं. सोंग यिंगशिंग यानं १६३७ मध्ये चीनमधल्या साऱ्या कलाकारागिरींवर एक सचित्र ग्रंथ छापला, 'तिआनगोंग काइवु'. त्यात जेड वेचणाऱ्यांबद्दल दोन गोष्टी आहेत. एक अशी की शरदातल्या चांदण्या रात्री नदीकाठी पाहत राहायचं, जिथं जेड असेल तिथं पाण्यावर चांदणं जास्त उजळतं. दुसरी अशी की बायका विवस्त्र होऊन पाण्यात उतरतात, कारण चंद्रतत्त्व चंद्रतत्त्वाकडे ओढलं जातं आणि दगड आपणहून त्यांच्या पायाशी येतो. दुसरी गोष्ट दूरवर बसलेल्या पुरुषानं ऐकून लिहिल्यासारखी वाटते. थंडीनं बधिरलेले पाय त्यात नाहीत. पहिलीवर मात्र माझा विश्वास बसतो. ओला जेड चांदण्यात कसा दिसत असेल हे मला खालाच्या गळ्याशी दिसलंय, अंगणात बाज टाकून झोपायचो तेव्हा.

१६३७ हे वर्ष मी दोनदा लिहिलं, जाणूनबुजून. तिकडे तो ग्रंथ छापला जात होता, त्याच सुमारास इकडे शाहजहानची हौलदिली घडत होती. मध्ये हिमालय, काराकोरम, कुनलुन. एकीकडे दगड सापडतो कसा याची गोष्ट, दुसरीकडे सापडलेला दगड माणूस कशासाठी जवळ धरतो याची.

दुसरी वाट थेट खाणीची. तिच्याबद्दल युरोपला जे कळलं त्यात एका माणसाचा वाटा मोठा आहे, आणि तो गोव्याशी बांधलेला आहे. बेंतो द गोइस हा अझोर बेटांवरचा पोर्तुगीज. हिंदुस्थानात शिपाई म्हणून आला आणि पुढे जेझुइट झाला. अकबराच्या दरबारात राहिलेला, फारसी बोलणारा. चीन आणि जुन्या प्रवाशांचा 'कॅथे' हे एकच की वेगळे, हे जमिनीवरून जाऊन पाहण्यासाठी गोव्याच्या वरिष्ठांनी त्याला निवडलं. १६०३ मध्ये तो व्यापाऱ्याच्या वेशात, अब्दुल्ला नाव घेऊन लाहोरहून काफिल्याबरोबर निघाला. वाटेत त्याला मक्केहून परतणारी एक राजस्त्री भेटली, खोतानच्या राजाची आई. लुटारूंनी तिला नागवलं होतं. त्यानं तिला सोन्याची नाणी उसनी दिली. पुढे खोतानला गेल्यावर ते कर्ज फिटलं ते जेडमध्ये.

त्याची हकिकत पेकिंगमधल्या मात्तेओ रिच्ची या जेझुइटानं नंतर लिहून ठेवली. यारकंद शहराहून वीस दिवसांवर एक डोंगर आहे, 'कान्-सांग-इ-काश', जेडच्या दगडाची खाण. आपल्या संगमरवरातला संग तो हाच. खाणीचा मक्ता राजाकडून व्यापारी घेतात. त्यांच्या परवानगीशिवाय तिथं दुसरं कोणी खणू शकत नाही. मजूर जातात तेव्हा वर्षाचं धान्य बरोबर नेतात, कारण तिथं मनुष्यवस्तीच नाही. दगड इतका चिवट की आधी त्याच्याशी आग पेटवून त्याला हळवा करावा लागतो. वर्षाचं धान्य! मला ती गाढवांची रांग दिसते, पिठाच्या पोत्यांची, आणि निरोप द्यायला आलेल्या घरच्यांची. जो दगड काळजाचा हौल घालवतो म्हणून आग्र्यात विकला जाणार, तो आणायला निघालेल्याच्या घरी वर्षभर किती हौल!

गोइस चीनच्या सीमेवर सूचौला पोचला आणि तिथंच अडकून पडला. जवळचा जेड पडत्या भावात विकून त्याला दिवस काढावे लागले. पेकिंगहून रिच्चीनं पाठवलेला माणूस त्याच्यापर्यंत आला तेव्हा तो अखेरचे दिवस मोजत होता. एप्रिल १६०७ मध्ये तो गेला. काफिल्यातल्या लोकांनी त्याची रोजनिशी फाडून टाकली, कारण तिच्यात कोणाकडून किती येणं आहे तेही लिहिलेलं होतं. चार वर्षांच्या प्रवासातलं उरलं ते फाटलेले कपटे आणि इसाक या आर्मेनियन सोबत्याची आठवण. त्यातून रिच्चीनं हकिकत जुळवली. त्या कपट्यांवर त्या डोंगराचं नाव तगून राहिलं, एवढंच.

युरोपकडे या दगडाची गंमतच होती. स्पॅनिश लोकांनी अमेरिकेतून आणला तो 'पिएद्रा दे इखादा', कुशीचा दगड, कमरेच्या कळा थांबवणारा. त्यातल्या इखादातून 'जेड' शब्द आला. लॅटिनमध्ये त्याचंच नाव मूत्रपिंडावरून पडलं, आणि त्यातून 'नेफ्राइट'. पुढे १८६३ मध्ये अलेक्सी दामूर या फ्रेंच शास्त्रज्ञानं दाखवलं की जेड म्हणून ओळखले जाणारे दगड मुळात दोन निराळे आहेत, आणि दुसऱ्याला त्यानं जेडाइट नाव दिलं. ब्रह्मदेशातला तो हिरवागार जेड या दुसऱ्या जातीचा. आपल्या गोष्टीतला कुनलुनचा पहिल्या. पण मला मोह पडतो तो नावांचा. तिकडे माणसानं हा दगड कमरेला बांधला, इकडे काळजाला. जिथं दुखतं तिथं हात जातो आणि हाताला काहीतरी गार, न फुटणारं हवं असतं.

१७५९ मध्ये चीनच्या छिएनलोंग बादशहानं खोतान-यारकंदचा हा सारा मुलूख जिंकला आणि दरवर्षी जेड पेकिंगला जाऊ लागला. त्याला हिंदुस्थानी जेडचं वेड होतं. कुनलुनमधून आग्र्याकडे उतरलेला दगड इथं पानाफुलांचा पेला होऊन पुन्हा यारकंदवरून त्याच्या महालात पोचे. तो पेला हातात घेऊन तो कविता लिही आणि आपल्या कारागिरांना त्याचा पातळपणा दाखवी. मात्र त्याच्याच काळात यारकंदजवळच्या मिलेता डोंगरातून पाच टनांहून जड असा एक अखंड जेड निघाला. तो पेकिंगला न्यायला तीनेक वर्षं लागली. हिवाळ्यात रस्त्यावर पाणी ओतून बर्फ करायचा आणि त्यावरून तो ओढायचा, असं सांगतात. मग यांगचौच्या कारागिरांनी वर्षानुवर्षं राबून त्यावर पूर आवरणाऱ्या यू राजाची कथा कोरली. डोंगर, झाडं, पहारी घेऊन खडक फोडणारी माणसं. १७८७ मध्ये तो पुरा झाला आणि अजून राजवाड्यात उभा आहे. त्यावरचे इवलेसे मजूर यू राजाचे आहेत की मिलेताचे, मला ठरवता येत नाही. त्याच डोंगरावर गाओ पु नावाच्या अधिकाऱ्यानं हजारो माणसं राबवून चोरून जेड काढला आणि विकला. १७७८ मध्ये तो उघडा पडला आणि देहदंडाला गेला. बादशहाच्या एका दिवंगत राणीचा भाचा होता तो.

मग येतात तीन जर्मन भाऊ. हेरमान, अडोल्फ आणि रॉबर्ट श्लागिन्टवाइट. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत ते ऑक्टोबर १८५४ मध्ये मुंबईला उतरले आणि दख्खन ओलांडून मद्रासला गेले. आपल्या घाटांतून त्यांची खेचरं गेली असतील. दोन वर्षांनी हेरमान आणि रॉबर्ट काराकोरम ओलांडून काराकाशच्या खोऱ्यात गुलबाशेनच्या जेडखाणींपाशी पोचले. पुढच्या वर्षी अडोल्फ एकटा त्या मुलखात गेला आणि काश्गरला मारला गेला. हेरमाननं १८७३ मध्ये कुनलुनच्या जेडवर निबंध प्रसिद्ध केला. तो आरंभापासून अखेरपर्यंत खनिजांबद्दल आहे, पण लिहिताना त्याच्या मनात त्या डोंगरांपलीकडे राहिलेला भाऊ नसेल कसा?

१८६४ मध्ये या मुलखात, पूर्व तुर्कस्तानात, उठाव झाला, चिनी सत्ता गेली आणि जेडचं गिऱ्हाईकच उरलं नाही. १८७३ मध्ये ब्रिटिशांच्या फोर्साइथ मोहिमेबरोबर फर्डिनांड स्टोलिच्का तिथं गेला. तो मोरावियातला, भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात नोकरीला. त्याला काराकाशकाठचा उतार नुसत्या भोकांनी भरलेला दिसला, खाणी ओस पडलेल्या. खाली फेकलेल्या तुकड्यांचे ढीग. मला या साऱ्या इतिहासातलं हेच दृश्य सर्वांत जास्त दिसतं. हजारो वर्षं राजे, व्यापारी, हकीम ज्याच्यासाठी वाट पाहत तो दगड उतारावर तसाच पडलाय, त्याच्यावर ऊन पडतंय आणि उचलायला कोणी नाही. जेडला त्याचं सोयरसुतक नव्हतं. नदी होतीच. ती दर उन्हाळ्यात आपलं काम करत होती. स्टोलिच्का परतताना उंचीवरच्या विरळ हवेनं आजारी पडला आणि जून १८७४ मध्ये लडाखमध्ये मुर्गोला वारला, छत्तीस वर्षांचा. लेहला त्याचं स्मारक आहे.

अलीकडच्या काळात त्या नदीत यंत्रं शिरली. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत चांगल्या जेडचा भाव सोन्याच्या पुढे गेला, आणि युरुंगकाशचं पात्र पोकलेननं उलटंपालटं झालं. मी छायाचित्रं पाहिली आहेत. जिथवर नजर जाते तिथवर खड्डे आणि गोट्यांचे ढिगारे, आणि त्या ढिगाऱ्यांवर वाकलेले उइघुर बापलेक, यंत्राच्या नजरेतून सुटलेलं काही दिसतंय का पाहणारे. पुरानं हजारो वर्षांत जे आणून ठेवलं ते एका पिढीनं चाळून काढलं. मला याचं मनापासून वाईट वाटतं. जेड संपेल म्हणून नव्हे. डोंगरात तो आहे. वाईट वाटतं ते पायांचं. गढूळ पाण्यात एक गोटा दुसऱ्यापासून ओळखणारे तळवे आईकडून मुलीकडे, बापाकडून मुलाकडे येत असणार, आणि ती ओळख कुठल्याही संग्रहालयात ठेवता येत नाही.

नदीतल्या जेडला साल असते, हेही मला अशाच एका छायाचित्रानं शिकवलं. हजारो वर्षं वाळूरेतीत पडून राहिला की पाण्यातलं लोह गोट्याच्या अंगात बारीक भेगांतून मुरतं आणि कडेला तांबूस रंग धरतो. जाणकार कारागीर ती साल सगळी काढत नाहीत, थोडी राखतात, नदीची खूण म्हणून. खाणीतल्या दगडाला ती नसते. मी पुस्तक मिटलं आणि थुंकीनं पुसूनही न गेलेला तो चहाचा डाग माझ्या बोटाखाली आला.

आजीच्या शेवटच्या दुखण्यात तिला रात्री झोप लागत नसे. छातीत धडधडायचं, उठून बसायची, भिंतीकडे पाहायची. खाला तेव्हा स्वतः सत्तरी ओलांडलेली. भिंत ओलांडणं जमणार नव्हतं, म्हणून पुढच्या दारानं, रस्त्याला वळसा घालून ती आली. बाजेवर बसली, स्वतःच्या गळ्यातला गोफ काढला आणि आजीच्या गळ्यात घातला, तुळशीच्या माळेवर. आजी म्हणाली, "अगं, तुला लागेल की." खाला म्हणाली, "मेरा हौल अब तुम्हारे पास ही है, भाभी." आजीनं दगड मुठीत धरला. त्या रात्री ती झोपली.

अठरा दिवस तो तिच्या गळ्यात होता. गेली त्या पहाटे आईनं माळ तशीच ठेवली, गोफ सोडवला आणि खालाच्या हातात दिला. खालानं तो गळ्यात घातला नाही. दिवसभर घरात माणसांची ये-जा होती, ती ओसरीच्या कोपऱ्यात मूठ मिटून बसली होती. दिवेलागणीला मी चहा घेऊन तिच्यापाशी गेले. तिची मूठ तशीच. मी लहानपणी विचारायचे तसं विचारलं, "खाला, गार झाला का?"

तिनं मूठ उघडली नाही.

"अभी नहीं," ती म्हणाली.